पहिली ते चौथी: संगणक किती शिकवायचा, कसा शिकवायचा?

“मुलगी दुसरीत आहे, आत्तापासूनच कोडिंगला घालू का?” “शाळा संगणकाची वेगळी फी घेते, पण वहीत नुसती मॉनिटरची आणि माउसची चित्रं दिसतात. हे बरोबर आहे का?” “वर्गात बत्तीस मुलं आणि संगणक एक. मी शिकवू तरी काय?” “मोबाइल हातातच द्यायचा नाही असं ठरवलं, तर पोरगं मागे पडेल का?” शाळा सुरू व्हायचे दिवस आले की पालक आणि शिक्षक हेच चार प्रश्न फिरवून फिरवून विचारतात.

घाईत असलेल्यांसाठी उत्तरं आधीच सांगून टाकते. कोडिंगच्या क्लासची गरज नाही. मॉनिटरचं चित्र रंगवणं म्हणजे संगणक शिकणं नव्हे, आणि त्यासाठी वेगळी फी भरत असाल तर हिशेब विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एका संगणकावर बत्तीस मुलांना व्यवस्थित शिकवता येतं. आणि स्वतःचा मोबाइल नाही म्हणून दहा वर्षांखालचं कोणतंही मूल मागे पडत नाही. आता सविस्तर.

धोरण नेमकं काय म्हणतं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कोडिंगला जागा दिली ती सहावी ते आठवीच्या टप्प्यावर, पहिलीत नव्हे. बालभारतीच्या पहिली ते चौथीच्या पुस्तकांत संगणक हा स्वतंत्र विषय नाही. समग्र शिक्षा योजनेतून संगणक कक्षासाठी मिळणारा निधीसुद्धा सहावीपासून पुढचे वर्ग असलेल्या शाळांसाठी असतो.

मधल्या काळात एक बातमी आली आणि बऱ्याच घरांत धसका बसला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६-२७ पासून तिसरी आणि पुढच्या वर्गांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार यांचा अभ्यासक्रम आणला जाईल. मथळ्यांत ‘एआय’ तेवढं मोठं झालं, ‘संगणकीय विचार’ मागे राहिला. आठ वर्षांच्या मुलासाठी खरा मुद्दा संगणकीय विचार हाच आहे. मोठं काम लहान तुकड्यांत तोडणं, ते क्रमाने लावणं, सारखेपणा ओळखणं, चूक शोधणं, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांनाही संगणकाचा विषय सक्तीचा केला. पण तिथेही पहिल्या दोन इयत्तांची अपेक्षा साधी आहे: क्रमवार सूचना म्हणजे काय ते समजावं, छोटा प्रोग्रॅम करून त्यातली चूक काढता यावी, फाइल जपून ठेवता यावी आणि आपली माहिती सांभाळता यावी.

उलट बाजूही बघा. ‘असर’ २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता; समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. फोन चालवायला कोणी कोणाला शिकवावं लागत नाही. “आमचा बाळ्या न शिकवता सगळं करतो” हे कौतुक खरं आहे, पण त्याला साक्षरता म्हणता येत नाही.

चौथीच्या अखेरीस एवढं आलं तर पुरे

- एखादं काम पायऱ्या पाडून, समोरच्याला कळेल अशा क्रमाने सांगणं
- चुकलं तर सगळं न पुसता नेमकी चुकलेली पायरी शोधणं
- माउस धरणं, वस्तू ओढणं, केलेलं काम जपून ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडणं
- स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि चार-पाच वाक्यं मराठीत टाइप करणं
- माहिती शोधताना नेमके शब्द वापरणं आणि मिळालेलं उत्तर आणखी एका ठिकाणी ताडून बघणं
- नाव, पत्ता, शाळा, फोटो, पासवर्ड कोणाला द्यायचे नाहीत ते माहीत असणं
- पडद्यावर काही विचित्र दिसलं तर न लपवता मोठ्यांकडे येणं

शेवटचा मुद्दा तळाला आहे, पण माझ्या मते तो पहिल्या क्रमांकाचा. बाकीचं सगळं सहावीतही भरून काढता येतं.

सीपीयूचं पूर्ण रूप, संगणकाच्या पिढ्या, शोध कोणी लावला, यांतलं काहीच या यादीत नाही. बाजारातली पहिली-दुसरीची संगणकाची पुस्तकं मात्र याच माहितीने भरलेली असतात, कारण तिच्यावर ‘रिकाम्या जागा भरा’ आणि ‘जोड्या लावा’ काढणं सोपं जातं.

सुरुवात खडूने करा

पहिलं वर्षभर संगणक नसला तरी अडत नाही. वर्गात, व्हरांड्यात किंवा घरच्या फरशीवर खडूने पाच बाय पाच चौकोन आखा. एका चौकोनात दप्तर ठेवा, दोन चौकोनांत पाण्याच्या बाटल्या. बाटलीच्या घरात पाय टाकायचा नाही. एक मूल यंत्र होईल, दुसरं आज्ञा देईल. आज्ञा तीनच: ‘एक घर पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’. यंत्राने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हा एकच नियम कडक पाळा.

पाच मिनिटांत काय होतं ते बघा. आज्ञा देणारी मुलगी “उजवीकडे वळ” म्हणते. यंत्र जागच्या जागी वळतं आणि उभं राहतं. ती ओरडते, “अरे, जा ना!” यंत्र ढिम्म, कारण ‘पुढे’ म्हटलेलंच नाही. मग ती समोर येऊन उभी राहते, आणि आता तिची उजवी बाजू ती यंत्राची डावी. यंत्र उलटंच वळतं, वर्ग हसतो, भांडण लागतं. इथे तुम्ही मध्ये पडू नका. थोड्या वेळाने एखादं मूल आपणहून यंत्राच्या मागे जाऊन उभं राहतं आणि तिथून आज्ञा देऊ लागतं. यंत्राच्या जागेवरून विचार करायचा असतो, ही गोष्ट त्या वर्गाला पुन्हा सांगावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तोंडी आज्ञा बंद. आधी कागदावर बाणांची पूर्ण ओळ लिहायची, मगच यंत्र चालवायचं. यंत्र बाटलीवर आपटलं की मुलं कागद चुरगाळून नवा घेतात. तो घेऊ देऊ नका. विचारा, “कितव्या बाणापर्यंत बरोबर होतं?” बोट ठेवून एकेक बाण तपासायला लावा. पाचवा बाण चुकला असेल तर तेवढाच खोडून दुरुस्त करायचा. प्रोग्रॅमर लोकांचा निम्मा दिवस याच कामात जातो, हे मुलांना सांगितलं तर त्यांना बरं वाटतं.

आठवडाभरात कोणीतरी कुरकुर करेल, “बाई, चार वेळा पुढे-पुढे काय लिहायचं?” या प्रश्नाची वाट बघा. तो आला की ‘४ वेळा पुढे’ असं लिहायची परवानगी द्या. पुनरावृत्तीची आज्ञा मुलांनी स्वतः मागितलेली असली की ती डोक्यात बसते. आधी शिकवली तर व्याख्या होऊन राहते.

याच जातीचे आणखी दोन खेळ. १ ते १०० मधली एक संख्या मनात धरा; मुलांनी फक्त ‘याहून मोठी आहे का?’ असं विचारायचं. दर वेळी उरलेल्या संख्यांचे दोन सारखे भाग पाडत गेलं, तर सात प्रश्नांत उत्तर सापडतंच. तिसरी-चौथीची मुलं हे स्वतः शोधून काढतात. दुसरा खेळ ठिपक्यांच्या रांगोळीचा: दोघं पाठीला पाठ लावून बसतात, एकाने आपली रांगोळी शब्दांत सांगायची, दुसऱ्याने न बघता काढायची. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कोणाची सूचना कुठे मोघम होती ते उघड होतं.

अशा संगणकाविना खेळांचा मोठा साठा न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात तयार झालेल्या ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ या उपक्रमात मोफत आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेली ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पुस्तकमालाही शिक्षकांनी जरूर चाळावी. उदाहरणं आपल्याकडच्या मुलांची असल्यामुळे ती वर्गात चालतात.

संगणकावर बसवताना

बोटाने पडदा सरकवत वाढलेलं मूल संगणकासमोर आलं की आधी मॉनिटरवर बोट टेकवतं. माउसची सवय लागायला दोन-तीन आठवडे जातात, ते जाऊ द्या. चांगली साधनं फुकट आहेत आणि जुन्या संगणकावर किंवा टॅबलेटवर, इंटरनेटशिवाय चालतात:

- टक्स पेंट: चित्रकलेचा प्रोग्रॅम. चित्र जपून ठेवताना फाइलला नाव द्यावं लागत नाही. उघडताना छोटी छोटी चित्रं दिसतात, त्यांतलं आपलं निवडायचं. त्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलालाही काल केलेलं काम सापडतं.
- जीकॉम्प्री: माउस, कळफलक, अंक, आकार यांचे खेळ. सुरुवातीला माउसचे आणि कळफलकाचे एवढेच उघडा, नाहीतर मुलं खेळांच्या जंगलात हरवतात.
- स्क्रॅचज्युनिअर: पाच ते सात वयासाठी, टॅबलेटवर. आज्ञा चित्रांच्या ठोकळ्यांत असतात, वाचन लागत नाही, खातं उघडावं लागत नाही. खडूच्या चौकोनांनंतर हे दिलं तर मुलं दहा मिनिटांत पडद्यावरचं मांजर चालवायला लागतात.
- स्क्रॅच: अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली आणलेला, आठ वर्षांपुढच्यांसाठी. चौथीच्या दुसऱ्या सत्रात, तेही मुलांना हौस असेल तर.

शिक्षकांनी स्वतः आधी हात बसवायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ बघावेत. पुष्कळसे मराठीतही आहेत.

आता बत्तीस मुलं आणि एक संगणक. चार-चारचे आठ गट करा. रोज दोन गट, प्रत्येकी पंधरा मिनिटं. चार दिवसांत आठही गट होतात आणि उरलेले दोन दिवस राहून गेलेल्यांसाठी हाताशी राहतात. बाकीचा वर्ग तेव्हा नेहमीच्या अभ्यासात असतो. गटात एक चालक, म्हणजे माउस त्याच्या हातात. दुसरा वाटाड्या, तो तोंडाने सांगणार. इतर दोघं वहीत पायऱ्या लिहिणार. साडेतीन मिनिटांनी जागा बदलायच्या, घड्याळ लावून. वाटाड्याने माउसला हात लावायचा नाही आणि चालकाने न विचारता क्लिक करायचं नाही. घड्याळ नसेल तर गटातला सर्वांत धीट मुलगा पंधराही मिनिटं माउस सोडत नाही आणि मुली लिहीत बसतात. हे जवळजवळ प्रत्येक शाळेत घडतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मराठी टायपिंग आत्ताच शिकवा

हा भाग बहुतेक शाळा गाळतात आणि मुलं मोठी होऊन ‘kasa ahes’ छापाची मराठी लिहितात, तीही इंग्रजी अक्षरांत. तिसरीत इनस्क्रिप्ट कळफलक शिकवा. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत तो आधीपासून असतो. सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की झालं. वेगळा फॉन्ट विकत घ्यायचा नाही.

मुलांना तो लवकर येतो, कारण तो आपल्या वर्णमालेच्या रचनेवर बसवलेला आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. इंग्रजी ‘के’च्या बटणावर क, शिफ्ट दाबून ख. ‘आय’वर ग, शिफ्टने घ. ‘एल’वर त आणि थ, ‘ओ’वर द आणि ध. ‘एच’वर प आणि फ, ‘वाय’वर ब आणि भ. पहिला शब्द बिनमात्रेचा द्या: ‘कमल’ म्हणजे के, सी, एन. मग ‘भाकरी’: शिफ्ट धरून वाय, मग ई, के, जे, आर. जोडाक्षर आलं की दोन व्यंजनांच्या मध्ये ‘डी’चं बटण, म्हणजे पायमोड. पुठ्ठ्यावर कळफलक काढून तो वर्गात लावा. संगणकाची पाळी नसलेली मुलं त्यावर बोटं फिरवतात.

बोलून टाइप करायची सोय फोनमध्ये आहेच. ती आजीसाठी उत्तम. शुद्धलेखन अजून पक्कं व्हायचं असलेल्या मुलासाठी नाही.

घरात फक्त मोबाइल असेल तर

बहुतेक घरांत हेच चित्र असतं, आणि तो मोबाइल आईचा किंवा बाबांचा असतो. तो तसाच राहू द्या. मुलाच्या नावाचा वेगळा फोन प्राथमिक शाळेत नको. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्या नियमांत किमान वय तेरा आहे, तेव्हा “सगळ्यांचं खातं आहे” या हट्टाला तुमच्याकडे सरळ उत्तर आहे.

फोन देण्याआधी एवढं करा:

१. सेटिंग्जमध्ये ‘ॲप पिनिंग’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ शोधून चालू करा. मग मूल दिलेल्या ॲपबाहेर जाऊ शकत नाही. आयफोनमध्ये यालाच ‘गाइडेड ॲक्सेस’ म्हणतात.
२. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा. खेळातली ‘नाणी’ खऱ्या पैशांनी येतात, हे सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही.
३. यूपीआयचा पिन मुलासमोर टाकू नका. “किराणावाल्याला तूच पाठव बघू” हे कौतुक महागात पडतं.
४. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा. काय बघायचं ते आधी ठरवा आणि डाउनलोड करून द्या.

वेळ किती? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला असा: दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांपेक्षा कमी. यात टीव्हीही धरायचा, हे लोक सोयीस्कर विसरतात. शाळा घरी ऑनलाइन तास घेत असेल तर शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना दाखवा: पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रं.

मुलाचा वेळ कमी करायचा तर मोठ्यांचाही करावा लागतो, याला इलाज नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. सगळ्या गावाचे बंद, म्हणून ते जमलं.

आणि आधी हातातलं वापरा. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने उघडला की त्या पाठाचं साहित्य दिसतं. याकरता पैसे मागणारं कोणतंही ॲप लागत नाही.

सावधगिरी: भीती न घालता

“नेटवर वाईट माणसं असतात” एवढं सांगून मुलं सावध होत नाहीत, फक्त लपवायला शिकतात. त्यापेक्षा तीन वाक्यं पाठ करून घ्या: ‘आधी विचारीन, मग दाबीन.’ ‘माझं नाव, शाळा, फोटो मी देणार नाही.’ ‘पोटात गोळा आला तर लगेच सांगीन.’ तिसऱ्या वाक्याच्या बदल्यात तुमच्याकडून एक शब्द द्यायचा असतो: सांगितल्याबद्दल ओरडा बसणार नाही आणि फोन काढून घेतला जाणार नाही. हा शब्द एकदा मोडलात तर पुढच्या वेळी मूल येणार नाही.

काही घडलंच, तर निरोप आणि फोटो पुसून टाकू नका. तो पुरावा असतो. नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवा. मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर १०९८, ऑनलाइन फसवणूक किंवा सायबर गुन्हा असेल तर १९३०. मुलाला त्रास देणाऱ्याशी स्वतः चॅट करून त्याला ‘पकडायला’ जाऊ नका.

चॅटजीपीटीसारख्या साधनांचंही वय तेराच्या पुढेच आहे. मुलाला उत्सुकता असेल तर टाइप तुम्ही करा आणि प्रश्न मुलाला पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीचा घ्या: आपल्या गावची जत्रा, आपली शाळा, आजीच्या गावची नदी. उत्तर ऐटीत येतं आणि त्यातल्या काही गोष्टी धडधडीत चुकीच्या असू शकतात. मुलाने स्वतः एक चूक पकडली की ‘मशीन सांगतंय म्हणजे खरं’ हा समज तिथेच सुटतो. फॉरवर्ड होऊन आलेल्या निरोपालाही हाच प्रश्न लावा: “हे कोणाला कसं कळलं?”

कोडिंग क्लासवाल्यांचा फोन आला तर

मोफत चाचणी, मग “तुमच्या मुलात विलक्षण चुणूक आहे”, मग आजच्या आज सवलत. क्रम ठरलेला असतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सहा-सात वर्षांची मुलं ॲप बनवून मालामाल होतात असं दाखवणाऱ्या जाहिराती आल्या होत्या. तक्रारींनंतर जाहिरात मानक परिषदेने त्यांतल्या काही आक्षेपार्ह ठरवल्या आणि त्या मागे घ्याव्या लागल्या.

तरीही घालायचंच असेल, तर सही करण्याआधी हे बघा:

- एका सत्राची फी भरा, वर्षाची किंवा शंभर तासांची नाही.
- ‘बिनव्याजी हप्ता’ म्हटलं की करार वाचा. बहुधा तो वित्तसंस्थेने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. क्लास सोडलात तरी हप्ते चालू राहतात, आणि थकले तर नोंद तुमच्या नावावर होते.
- परताव्याची अट लेखी घ्या. फोनवरचं बोलणं चालत नाही.
- एक तास मुलाशेजारी बसा. शिकवणारा सांगेल ते मूल फक्त टाइप करत असेल, तर ते शिकत नाही, नक्कल करतं.

फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार देता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात तिथे शुल्क लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही.

शाळेकडे काय मागू शकता

खासगी शाळेत असाल तर महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा वाचून ठेवा. शाळेने सुचवलेल्या शुल्काला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, आणि त्या समितीतले पालक सोडतीने निवडले जातात. संगणकाच्या नावाखाली घेतलेली रक्कम मान्य शुल्कात आहे का, हे लेखी विचारा. सोबत आठवड्याला तासिका किती, मूल प्रत्यक्ष किती मिनिटं संगणकावर बसतं आणि वर्षाअखेरीस त्याला काय करून दाखवता येईल, हेही विचारा. तिसऱ्या प्रश्नाला पुस्तकाचं नाव हे उत्तर नव्हे.

जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत असाल तर तुमचा हात आणखी वर आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा हीच समिती करते. कपाटात बंद पडलेला संगणक त्या आराखड्यात आणा. सरकारी शाळांना समग्र शिक्षातून मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून नादुरुस्त उपकरणांचं काम करता येतं. गावातले लोक वर्गणी काढून नवीन टीव्ही देतात आणि तो आठवड्यातून एकदा गाणी लावायला वापरला जातो. त्याऐवजी जुने दोन संगणक दुरुस्त करणं केव्हाही बरं.

माहितीच्या बाबतीत पालक फार सैल असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर तुमच्या हातात साधा अर्ज आहे: मुलाचा चेहरा आणि नाव शाळेच्या समाजमाध्यमांवर टाकू नये, असं मुख्याध्यापकांना लेखी द्या. ‘अपार’ ओळखक्रमांकासाठीही पालकांची संमती घ्यावी लागते. फॉर्म वाचूनच सही करा. शाळेने एखादं ॲप सांगितलं, तर त्याला मुलाची कोणती माहिती लागते आणि ती का लागते, हे विचारल्याशिवाय डाउनलोड करू नका.

हे प्रश्न एकट्याने विचारले की ‘तक्रारखोर पालक’ असा शिक्का बसतो. म्हणून वर्गातल्या चार-पाच पालकांनी मिळून एका कागदावर लिहा, खाली सगळ्यांनी सह्या करा, जूनमधल्या पहिल्या पालकसभेच्या आधी तो कागद शाळेत द्या आणि पोचपावती घ्या.